बर्फावरचा बॉल

मिरकरवाड्याच्या जेटीवर हिरा चाळीस वर्षं चालली. खवल्यांवरून चालली, बर्फाच्या पाण्यावरून चालली, डोक्यावर भरली टोपली घेऊन चालली, आणि एकदाही पडली नाही. दुसरं कुणी पडलं की हसायला मात्र ती सगळ्यात पुढे असायची. आणि मे महिन्याच्या तीस तारखेला, मासेमारी बंद व्हायला एक दिवस उरला असताना, ती पडली ती कुठे? मिऱ्या गावातल्या स्वतःच्या घराच्या कोरड्या खटखटीत पायरीवर. पायात मुलानं आणलेली नवी चप्पल होती. ही घसरायची नाही, असं दुकानदारानं छातीठोक सांगितलं होतं, आणि चप्पल खरोखरच घसरली नाही. ती जागच्या जागी चिकटून राहिली आणि हिरा एकटीच पुढे गेली. घोटा मोडला, आणि डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं.

मोडक्या घोट्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. तिला काळजी लागली जागेची. जेटीबाहेरच्या बाजारात, बर्फ फोडायच्या मशीनला लागून, निळ्या ताडपत्रीखाली तिची जागा होती. जागा म्हणजे केवढी, तर दोन टोपल्या, एक पाट आणि हिरा. आधी तिथे हिराची सासू बसायची. अशा जागेचा कागद नसतो. जो रोज बसतो त्याची ती जागा. दोन महिने रिकामी राहिली की शेजारची टोपली रोज बोटभर सरकत येते आणि एक दिवस जागा होत्याची नव्हती होते. शेजारी सावित्री बसायची, हिराची जिवाभावाची मैत्रीण. जिवाभावाच्या मैत्रिणीची टोपली सगळ्यात आधी सरकते, हे हिराला पक्कं ठाऊक होतं, कारण तरुणपणी तिनंही एकदा सरकवली होती. म्हणून दुसऱ्याच दिवशी तिनं सुनेला जागेवर नेऊन बसवायला सांगितलं.

सून वेदिका लांज्याची. माहेरी सगळी माणसं काजूच्या कारखान्यात, आणि ती स्वतःही लग्न होईपर्यंत काजूगर निवडायला बसायची. समुद्र तिनं पाहिला होता तो शाळेच्या सहलीत. लग्नाला चार वर्षं झाली तरी हिरा बाजारात तिची ओळख "ही आमची काजूवाली" अशीच करून द्यायची.

"सुकट हाय, खाडीची कोळंबी हाय, तेवढी विक," हिरा म्हणाली. "जागा गरम ठेव. बाकी मी आल्यावर बगेन."

"बरं आई," वेदिका म्हणाली. वेदिका बहुतेक सगळ्याला "बरं आई" म्हणायची.

आता घरात उरली दोन माणसं. एक हिरा, पाय उशीवर टाकून. दुसरा तिचा नवरा बाबल्या तांडेल, पडवीत जाळं शिवत. तीस वर्षं बोटीच्या इंजिनाच्या आवाजावर ओरडून बाबल्यानं आयुष्यभराचे शब्द संपवले होते. आता दिवसाला चार-पाच उरत, तेही तो जेवणासाठी राखून ठेवी. अशा माणसाशी भांडताही येत नाही. चौथ्या दिवशी हिरानं घरातले सगळे डबे घासायला मागवले, पाचव्या दिवशी घासलेलेच परत मागवले, आणि सहाव्या दिवशी मुलानं, अजिंक्यनं, वैतागून तिच्या हातात फुटबॉलच्या गेमचा रिमोट दिला.

अजिंक्य जयगडच्या बंदरात क्रेन चालवतो. पाळी संपवून आला की टीव्हीसमोर बसून तो हा गेम खेळायचा, आणि हिरा त्याला "रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी" म्हणून ऐकवायची. आता तोच कुड तिच्या वाट्याला आला. यानं पास, यानं गोल मारायचा, हे दाबलं की पळतो, एवढं सांगून अजिंक्य कामावर गेला. संध्याकाळी परत येऊन बघतो तर आयशीनं संघाचं बारसं उरकलेलं. उंच गडी तो सुरमई. गोलकीपर जागचा हलत नाही म्हणून त्याचं नाव तिसऱ्या. डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला पुढचा खेळाडू पापलेट. आणि समोरच्या संघातला एक बारकुडा कुणाच्या हाती लागेना, त्याचं नाव वाम.

गेमला पाच पायऱ्या होत्या. सगळ्यात खालच्या पायरीवर कॉम्प्युटरचे खेळाडू लग्नातल्या पाहुण्यांसारखे नुसते उभे असतात. तिथे हिरानं नऊ-शून्य, अकरा-शून्य अशी लयलूट केली. तोंड अर्थातच बंद नव्हतं. एका दुपारी सावित्री बाजारातून येताना रस्त्यातच थबकली. हिराच्या घरातून आवाज येत होता, "धर मेल्याला! आडवा पाय घाल! पाडलास काय? आता उठू नको देऊस!" सावित्रीला वाटलं, बाबल्याचं आज काही खरं नाही. ती आणखी दोघींना हाका मारून धावत आली. पडवीत बाबल्या शांतपणे जाळं शिवत होता.

"अवो, काय झाला काय?" सावित्रीनं धापा टाकत विचारलं.

"हाफटाइम," बाबल्या म्हणाला.

दुसरी पायरी गेली, तिसरीही गेली, आणि हिरा भलतीच फुगली. जून संपत आला होता. जेवताना ती म्हणाली, "प्लास्टर सुटू दे. नारळी पुनवेला नारळ पडला की मी परत जागेवर."

अजिंक्यनं ताट बाजूला सारलं. "आये, पुरे आता. साठीला आलीस. त्या ओल्यात परत पडलीस तर? घरी बस आरामात. जागा वेदिकाकडं जाऊ दे, नायतर सोडून दे."

"मी ओल्यात पडलंच नाय. तुझ्या चपलेनं पाडलान."

वाद वाढला. आवाज वाढले. शेवटी अजिंक्यला हसू आलं, आणि हसण्याच्या भरात तो बोलून गेला, "बरं, एक काम कर. पाचव्या लेव्हलला, लेजंडला, कॉम्प्युटरला एकदा हरव. पुनवेला नारळ पडायच्या आत. हरवलंस तर खुशाल जा बाजारात, मी एक शब्द बोलायचा नाय. नाय हरवलंस तर घरी."

अजिंक्य स्वतः दोन वर्षांत त्या पायरीवर एकदाही जिंकला नव्हता. हे हिराला माहीत नव्हतं, आणि असतं तरी काही फरक पडला नसता. तिनं बाबल्याच्या बाजूला पडलेलं जाळं ओढून मुलापुढे धरलं. त्या घरात जाळ्यावर हात ठेवून दिलेला शब्द मोडत नसत. अजिंक्यनं हात ठेवला. वेदिका भात वाढत होती. तिच्या हातातला डाव मध्येच थांबला आणि मग पुन्हा चालू झाला, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

चौथ्या पायरीवर हिराची मस्ती उतरली, आणि पाचवीवर तर पार धुळधाण उडाली. शून्य-सात. शून्य-पाच. शून्य-नऊ, त्या दिवशी तिनं जेवणही केलं नाही. बॉल पापलेटच्या पायात आला म्हणेपर्यंत जायचा. नाचता येईना अंगण वाकडं, तसं तिनं आधी रिमोट वाकडा ठरवला, मग टीव्ही, मग वीज मंडळ. बटणं तिला आता डोळे मिटून सापडत होती. तरी बॉल टिकत नव्हता. कारण काय ते कळेना, आणि अजिंक्य काही सांगेना. तो आपला सोफ्यावर बसून, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," असं गुणगुणायचा आणि तिच्या प्लास्टरकडे बघायचा.

प्लास्टर सुटलं त्या आठवड्यात, एका दुपारी, पडवीतून बाबल्या उठून आत आला. हातात सुई तशीच. दारात उभं राहून त्यानं एक अख्खी मॅच बघितली, शून्य-सहा. मग त्यानं चार दिवसांचे शब्द एकदम खर्च केले.

"तू बॉल विकतंस."

"काय?"

"आला की विकतंस. जो समोर दिसेल त्याला. मिळेल त्या भावात." त्यानं सुईनं टीव्हीकडे दाखवलं. "मासा नाय गो तो. नासत नाय."

तो परत जाऊन बसला.

बाबल्याचं खरं होतं. चाळीस वर्षं तिच्या हाताला एकच शिस्त होती, की माल हातात राहता कामा नये. ऊन चढायच्या आत टोपली रिकामी झाली पाहिजे. हातात राहिला तो मासा उतरला, उतरला तो गेला. बॉल पायात आला की तिचा अंगठा आपोआप बटणावर पडायचा आणि बॉल कुणाच्याही गळ्यात जायचा. खालच्या पायरीवर गिऱ्हाईक बावळट होतं म्हणून हे खपून गेलं. लेजंडवरचं गिऱ्हाईक उभंच राहायचं वाट बघत, कधी एकदा ही घाबरून माल टाकते म्हणून.

पण सगळाच माल काही ती घाईनं विकत नसे. मोठं पापलेट, चांगली सुरमई ती टोपलीत मांडतच नसे. ती खाली, बर्फात, गोणपाटाखाली असायची. लोक येत, मागत, भाव पाडत, निघून जात, हिरा ढिम्म. अकरा वाजता एखादं खरं गिऱ्हाईक आलं की मग गोणपाट बाजूला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रिमोट हातात घेतला आणि स्वतःला मोठ्यानं बजावलं, "बर्फावर ठेव."

आणि तिनं बॉल बर्फावर ठेवला. सुरमईकडून शेजारच्याकडे, शेजारच्याकडून मागे, मागून गोलकीपर तिसऱ्याकडे, पुन्हा सुरमईकडे. समोरचा अंगावर आला की पाठ करून उभी राहायची. वाडीतल्या बायांना चुकल्याचुकल्यासारखं झालं, कारण त्या घरातून आता फक्त "ऱ्हाऊ दे... ऱ्हाऊ दे... बर्फावर" असं पुटपुटणं ऐकू येई. हार शून्य-तीनवर आली. मग शून्य-दोन.

एक रोग मात्र जाईना. बॉल समोरच्यांकडे गेला की हिरा आपली माणसं घेऊन बॉलमागे धावत सुटे, आणि तेवढ्यात तो वाम कुठूनतरी रिकाम्या जागेत उगवून गोल करी. रोज तेच. हातचं सोडून पळत्याच्या पाठी. एकदा वामानं असाच गोल घातल्यावर ती रिमोट आपटणार होती, तेवढ्यात तिला बाजारातल्या बाया आठवल्या. जी बाई कल्ले उघडून बघते, शेपूट उचलते, "कालचा दिसतोय" म्हणते, दहा मिनिटं घसा खरवडते, ती कधीच काही घेत नाही. घेणारी असते ती मागे, ताडपत्रीच्या काठीला टेकून, पिशवी पोटाशी धरून, एक अक्षर न बोलता उभी असलेली. हिरा भांडायची पुढचीशी आणि डोळा ठेवायची मागचीवर. इतकी वर्षं हे जमलं, आणि इथे चार बाय तीनच्या टीव्हीवर तिला कळू नये? ज्याच्याकडे बॉल त्याची बडबड खोटी. वाम गप उभा आहे, तो घेणार.

त्या दिवसापासून तिनं बॉलकडे बघणंच सोडलं. सामना शून्य-शून्य सुटला, तेव्हा तिनं बाबल्याला हाक मारून आकडे वाचून दाखवले.

पण पुनव तर आली. अजिंक्यनं सुट्टी घेतली होती. दुपारी चारला जेटीवर नारळाची मिरवणूक. त्याच्या आत शेवटचा डाव. सावित्री आली, बाबल्यानं सुई खाली ठेवली. हिरानं दुखरा पाय खुर्चीवर घेतला. पहिला अर्धा भाग ती नुसती बर्फावर बसली. उत्तरार्धात, एकसष्टाव्या मिनिटाला, तिनं सुरमईकडे बॉल दिला, सुरमई थांबला, आणखी थांबला, अजिंक्य ओरडला, "आये, मार ना!" आणि ती मारेना. समोरचे दोघे कंटाळून पुढे आले. त्यांच्यामागे मोकळ्या जागेत पापलेट एकटा उभा होता. गोणपाट बाजूला झालं. एक-शून्य.

सावित्रीनं टाळ्या पिटल्या. अजिंक्य पैज विसरून सोफ्यावर उभा राहिला. आता तीस मिनिटं काढायची होती. हिराची बोटं चालत होती आणि डोळे सवयीनं कडेकडेला फिरत होते, गप उभं कोण आहे ते बघत. पडद्यावर वाम होता; त्याच्या अंगावर तिनं माणूस सोडला. आणि मग तिची नजर तशीच पडद्याच्या बाहेर गेली.

दाराच्या चौकटीला टेकून वेदिका उभी होती. बाजारातून नुकतीच आलेली, टोपली पोटाशी धरून. घरात आरडाओरडा चालला होता आणि ही एक अक्षर बोलत नव्हती. टीव्हीकडे बघत नव्हती. ती हिराच्या हातांकडे बघत होती.

काखेत कळसा नि गावाला वळसा, तसं झालं होतं हिराचं. टोपलीच्या काठाला नवी नायलॉनची दोरी बांधली होती. ताडपत्री वेदिकानं स्वतः क्रेटवर चढून बदलली, असं सावित्री म्हणाली होती आणि हिरानं कानाआड केलं होतं. कोळंबी ती काजूगरासारखी लहान, मध्यम, मोठी अशी निवडून वेगवेगळ्या वाट्यांत मांडायची, आणि गिऱ्हाईकं आता "काजूवाली कुठाय?" म्हणून विचारत येत, हेही सावित्रीनं सांगितलं होतं. तेव्हा हिरा नाक उडवून म्हणाली होती, "मासे काय निवडायचे असतात?" अडीच महिन्यांत सावित्रीची टोपली बोटभरही सरकली नव्हती. हिरानं त्याचं श्रेय सावित्रीच्या मैत्रीला दिलं होतं.

"आये, वाम!" अजिंक्य किंचाळला. वाम सुटला होता. हिराच्या अंगठ्यानं चुकून नव्हे, अगदी जाणून बटण दाबलं. सुरमई आडवा गेला, बॉल बाहेर. थोड्याच वेळात पंचानं शेवटची शिट्टी वाजवली. हिरा जिंकली.

मग काय विचारता. सावित्रीनं तिची दृष्ट काढली. बाबल्या "बरा झाला" म्हणाला, म्हणजे त्याच्या हिशेबानं भाषणच केलंन. अजिंक्यनं कपाळाला हात लावला, पण जाळ्यावरचा शब्द होता; तो गप राहिला. वेदिका पुढे आली आणि म्हणाली, "आई, टोपली घासून ठेवते. परवा तुम्हाला लागेल." आवाज नेहमीसारखाच होता. ती मागच्या दारी गेली आणि बराच वेळ टोपली घासत राहिली. घासून झालेलीच ती परत घासत होती. हिराला तो आवाज ऐकवेना. जिंकलेल्या माणसाला इतकं वाईट वाटतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे बोटी भरून आल्या. हिरा काठी टेकत जेटीवर गेली, मागून वेदिका टोपली घेऊन. लिलावात हिरानंच पापलेट उचललं, त्यात तिचा हात कुणी धरत नाही. बाजारात पाऊल टाकल्यावर बाया ओरडल्या, "इली गो, इली हिरा!" निळ्या नव्या ताडपत्रीखाली पाट मांडलेला होता. वेदिकानं तो पदरानं पुसला आणि ती बाजूला झाली.

हिरा पाटाजवळ उभी राहिली. चाळीस वर्षं. ऊन, थंडी, दोन बाळंतपणांच्या मधले महिने, सासूचं मरण, सगळं त्या पाटावरून. तिला बसावंसं वाटलं, फार वाटलं.

"बस," ती म्हणाली.

"आई, तुमची जागा..."

"माझीच हाय. म्हणून तर देतंय. बस."

वेदिकानं पदर खोचला. ती पाटावर बसली. हिरानं मागे, मशीनच्या सावलीत, एक क्रेट पालथा घातला आणि त्यावर पाय लांब केला. पहिलीच बाई आली ती कल्ले उघडून भांडायला लागली. मागे काठीला टेकून एक बाई गप उभी होती. आता सुनेला खूण करावी म्हणून हिरा पुढे झुकली, तर वेदिका भांडणारीला हो-हो म्हणत होती आणि तिचा हात गोणपाटाखाली बर्फात गेलेला होता. हिरा परत मागे टेकली.

दुपारी घरी अजिंक्यला हे कळलं तेव्हा तो चक्रावला. "द्यायचीच होती तर मग हा सगळा खटाटोप कशाला केलास? मी काय वेगळं सांगत होतो? तेव्हाच दिली असतीस!"

"तेव्हा दिली असती तर ती तू माझ्याकडून काढून घेतलीस असं झालं असतं," हिरा म्हणाली. "आता मी दिलंय."

पडवीतून बाबल्याचा "हां" असा आवाज आला.

"ती उशी दे इकडं, पाय ठणकतोय," हिरा म्हणाली. "आणि दुसरा रिमोट घे. कॉम्प्युटर झाला, आता तू ये."